आधी इच्छा सांगा

अक्का,

आज दुकान उघडलं. शटर वर केलं, बाकडं बाहेर ओढलं, फडक्यानं पुसलं, पेपर ठेवला. भाऊसाहेब नेहमीच्या वेळेला आले आणि बाकड्यापाशी नुसतेच उभे राहिले. उजव्या टोकाला, जिथं पेपरवर सावली पडत नाही, तिथं तू बसायचीस. शेवटी ते डाव्या टोकाला अंग चोरून टेकले. मी म्हटलं, सरका की जरा आत, पडाल. म्हणाले, "असू द्या, बरं हाय." मग मी औषधांची खोकी इकडची तिकडं करत बसलो, कारण दुसरं काही सुचेना.

पेपरात तू गेल्याची बातमी आली आहे. फोटो जुना, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. तुला अजिबात आवडला नसता. कोपरगावला प्राणिशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर कोल्हारला भावाकडे राहायला आल्या, स्वभाव मनमिळाऊ होता, असं लिहिलं आहे. मनमिळाऊ म्हणे. तुझ्याशी वाद घालून घालून माझा घसा बसायचा, ते कुणी विचारलं नाही. मला ही बातमी फार अपुरी वाटली, म्हणून लिहायला बसलो आहे. हे तुला पोचणार नाही, ते मला कळतं. आपल्या बौद्धांत आत्मा मानत नाहीत आणि तू तर त्या बाबतीत फारच कडक. तरी लिहितो. रोज बोलायची सवय लागलेली, ती एका दिवसात कशी जाईल.

तू आलीस तेव्हा मला वाटलं होतं, जन्मभर पोरांपुढं ओरडून दमली असेल, आता अंगणात चार झाडं लावेल, निवांत बसेल. तू आलीस ती थेट माझ्या मेडिकलवर. नगर-मनमाड रस्त्यावर, स्टँडजवळ मेडिकल असलं की गावाच्या तब्येतीच्या आधी गावाच्या डोक्यात काय चाललं आहे ते कळतं. सकाळी वेगवेगळ्या वस्त्यांवरची माणसं येऊन एकच गोळी मागायला लागली की समजायचं, फोनवर काहीतरी फिरलं आहे. 'नवं संशोधन' हे दोन शब्द त्यात असणारच. मी सरळ तोंडावर सांगायचो, सगळं खोटं आहे, घरी जा. ती घरी जायची नाहीत, पलीकडच्या मेडिकलवर जायची आणि तीच गोळी घेऊन माझ्यासमोरून परत जायची. तू काही दिवस हे बघितलंस आणि म्हणालीस, "सुभ्या, तू गिऱ्हाईक घालवतोस आणि बातमीही घालवत नाहीस." मला राग आला होता. बी. फार्म. मी केलं होतं आणि अक्कल तू शिकवत होतीस.

मग साखरेची बातमी आली. पांढरी साखर म्हणजे विष, असं मोठ्या अक्षरात छापलेलं, खाली कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचा हवाला. आणि ही बातमी वाचणार कोण, तर आपलं बाकडं. ज्याच्या रानात ऊस नाही त्याचा पोरगा कारखान्यात, आणि ज्याचा पोरगा कारखान्यात नाही त्याची जमीन उसाखाली. सगळ्यांत जास्त पेटले ते भाऊसाहेब. प्रवरेच्या काठापर्यंत त्यांचा ऊस आणि रक्तात बरीच वर्षं शुगर. त्यांनी त्या संशोधनाची जी चिरफाड केली, ती अजून माझ्या कानात आहे. कुठल्या माणसांवर केलं, ती माणसं दिवसभर खुर्चीत बसतात की राबतात, भाकरी खातात की पाव, आणि या शास्त्रज्ञांना पैसे देणारा साखरेच्या जागी दुसरंच काही विकणारा तर नाही ना. तू चष्मा कपाळावर सरकवून ऐकत होतीस. रात्री जेवताना म्हणालीस, हे प्रश्न मी एमएस्सीच्या वर्गात भीक मागितल्यासारखे मागायचे, कुणी विचारायचं नाही.

पण पुढच्याच आठवड्यात गुळाची बातमी आली. ही फोनवर आली होती, पांढरा कोट घातलेल्या कुणाच्या तरी फोटोसकट. शुगर असलेल्यांनी गूळ बिनधास्त खावा, उलट शुगर उतरते, संशोधनात सिद्ध झालं आहे. भाऊसाहेबांनी ती स्वतः उभं राहून वाचून दाखवली आणि बाकड्यावरच्या सगळ्यांना गुळाचा चहा मागवला. कुणी एक अक्षर विचारलं नाही. तू चहा घेतलास, अर्धा प्यालीस आणि अगदी साधेपणानं विचारलंस, "भाऊसाहेब, मागच्या आठवड्यातले प्रश्न कुठं ठेवले?"

ते म्हणाले, "कोन्ते प्रश्न?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते नाटक करत नव्हते, हे मला तेव्हाच दिसलं आणि तुलाही.

त्या सकाळी तू तुझा नियम घातलास. या बाकड्यावर कुणाला संशोधनाची बातमी सांगायची असेल तर त्यानं आधी आपली इच्छा सांगायची. हे खरं निघावं असं मला वाटतं, की खोटं निघावं असं वाटतं. एवढं बोलायचं आणि मगच वाचायचं. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, शास्त्रात इच्छेचं काय काम. तू म्हणालीस, शास्त्रात नाही, ऐकणाऱ्यात आहे; इच्छा असली की माणूस विचारायचं विसरतो आणि इच्छा नसली की त्याचे प्रश्न संपत नाहीत. लोकांना ते पटलं की गंमत वाटली, कुणास ठाऊक. पण दुसऱ्या दिवसापासून खेळ सुरू झाला. माणूस यायचा, बसायचा, फोन काढायचा आणि आधी जरा लाजत सांगायचा, माझी इच्छा आहे बुवा की हे खरं निघावं. तू म्हणायचीस, "बरं. आता वाचा." तुझ्या त्या 'बरं'मध्ये टोमणा नसायचा, म्हणून लोक खरं सांगायचे. अंड्याच्या बातमीला पोल्ट्रीवाला आणि माळकरी शेजारी बसून आपापली इच्छा सांगताना मी बघितले आहेत. मग प्रश्न निघायचे. कुणावर करून बघितलं, माणसावर, उंदरावर की काचेच्या भांड्यात? तुलना कशाशी केली? तू उत्तर फार क्वचित द्यायचीस. बहुतेक वेळा शेवटी 'अजून नक्की माहीत नाही' एवढंच हाती यायचं, आणि माणसं तेवढ्यावर चहा पिऊन उठायची.

आपला वाद इथूनच सुरू झाला, आणि तो मिटलेला नाही. तू गेलीस म्हणून मी तो सोडणार नाही. भाऊसाहेबांना तू त्या दिवशी सांगितलं होतंस की गूळ सुरू करायचाच असेल तर आठवड्यानं रक्त तपासा. त्यांनी तपासलं नाही. गुळाचा चहा मात्र मन लावून प्याले आणि एक दिवस दुकानाच्या पायरीवर चक्कर येऊन बसले. त्यांना दवाखान्यात पोचवून आल्यावर मी तुझ्यावर भडकलो. म्हटलं, सरळ सांगायचं होतं, गूळ खाऊ नका म्हणून. तू शिकवत बसलीस आणि माणूस मरता मरता वाचला. तू म्हणालीस, मी नको म्हटलं असतं तर त्यांनी घरी प्याला असता. मी म्हटलं, मग आपण सांगितलं होतं एवढं तरी राहिलं असतं.  मग म्हणालीस, "निकाल मी दिला तर मी नसताना ते कुणाला विचारतील?"

मला तेव्हा ते उत्तर वाटलं नाही, पळवाट वाटली. मी म्हटलं, नसताना म्हणजे काय, कुठं चाललीस? आता मात्र मला तुझा तोच प्रश्न सारखा आठवतो आहे.

भाऊसाहेब बरे होऊन आले ते तडक तुझ्यासमोर बसले. रुसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "अक्का, माझी इच्छा लई मोठी हुती वो. तिनं मला गुंडाळला." तू हसलीस आणि त्यांना बिनसाखरेचा चहा मागवलास. त्यानंतर नियमाचा खरा पहारेकरी तू राहिली नाहीस, ते झाले. एकदा तूच सापडलीस त्यांच्या तावडीत. चहा हृदयाला चांगला, अशी बातमी होती आणि तू, दिवसातून कितीतरी कप पिणारी, पेपर उघडताच मोठ्यानं वाचायला लागलीस. भाऊसाहेबांनी हात वर केला. "अक्का, आदी इच्छा." तुझा चेहरा असा लाल झाला की मी काउंटरच्या आत खाली वाकून हसलो. घरी जाताना तू म्हणालीस, आज माझी नोकरी सार्थकी लागली. इतक्या वर्षांत एवढी खूश मी तुला पाहिली नव्हती, निवृत्तीच्या समारंभातही नाही.

आणखी एक सकाळ सांगायलाच हवी, कारण ती मी कुणाजवळ बोललो नाही. बाकड्यावर कुणीतरी तुला विचारलं, अक्का, तुम्हाला हे इच्छेचं कसं सुचलं? तू आधी पेपर घडी करून ठेवलास. मग म्हणालीस, आमच्या आजोबांची सावली पडली की पाणी बाटतं, असं या गावात सगळे मानायचे. कुणी करून बघितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना ते सोयीचं होतं, त्यांची ते खरं असावं अशी इच्छा होती. आवाज न चढवता तू हे बोललीस, एखाद्या धड्यातलं उदाहरण द्यावं तसं.  भाऊसाहेब खाली बघत होते. त्यांच्या घरातली जुनी माणसं कशी होती ते त्यांना माहीत होतं, तुलाही माहीत होतं. ते उठून गेले. मला वाटलं, संपलं आता हे बाकडं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले, हातात आपल्या घरून आणलेला चहाचा थर्मास होता. त्यांनी आधी तुझा कप भरला, मग स्वतःचा. तू कप घेतलास आणि पेपर उघडलास. अक्का, आपण या गावाचे आणि तू त्या आजोबांची नात, याचा मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की मी काहीतरी कारण काढून मागच्या खोलीत गेलो.

मग तुझी गाठ कॅन्सरची निघाली. नगरच्या दवाखान्यात ये-जा सुरू झाली. इंजेक्शनं घेऊन आलीस की दोन दिवस अंथरुणावर आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बाकड्यावर, डोक्याला रुमाल बांधून. गावात बातमी पसरली तशी बाकड्यावर सगळी संशोधनं तुझ्याच दुखण्याची यायला लागली. प्रत्येक जण आधी इच्छा सांगायचा, आणि सगळ्यांची इच्छा एकच असायची. तू सगळ्यांना 'बरं' म्हणायचीस, वाचायला लावायचीस, त्यांच्याकडूनच प्रश्न काढून घ्यायचीस. आपल्या आजाराच्या बातम्यांची अशी शांतपणे तपासणी करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि मग मी पेरूच्या पानांचं संशोधन आणलं. मी, मेडिकलवाला, जो जन्मभर लोकांवर याच गोष्टीसाठी ओरडला. पेरूच्या पानात असं काही असतं की ज्यानं गाठीच्या पेशी मरतात. आपल्या भागात पेरूला काय तोटा. मी कोवळी पानं तोडून आणली, काढा उकळला आणि तुझ्यासमोर पेला धरला. तू विचारलंस, "पेशी कुठं मेल्या?" मी म्हटलं, काचेच्या भांड्यात. तू म्हणालीस, काचेच्या भांड्यात फिनेलनंही मरतील. मी म्हटलं, तू आता वर्ग घेऊ नकोस, पी. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "सुभ्या, आधी इच्छा सांग."

मी म्हटलं, ते बाकड्यावरचं बाकड्यावर, घरात नको. तू पुन्हा विचारलं नाहीस. मला म्हणालीस, डॉक्टरांना फोन कर. मी केला. ते म्हणाले, ही इंजेक्शनं चालू असताना असलं काही देऊ नका, उलटसुलट होईल. तू ऐकलंस, मान हलवलीस. पण पेला तू खाली ठेवला नाहीस. गार होईपर्यंत दोन्ही हातांत धरून बसलीस आणि मला कॉलेजातल्या गमती सांगत राहिलीस. काढा तू प्याली नाहीस, पण माझी धावपळ तू वाया जाऊ दिली नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, ते इथं मानतो. दुसरं जे राहिलं, ते तुझ्या जलदानविधीच्या दिवशी झालं. तेच सांगायला खरं तर हे सगळं लिहितो आहे.

विहारासमोर मांडव घातला होता. भंतेजींनी वंदना घेतली, मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. कोपरगावचा आपला मामेभाऊ प्रकाशदादा बोलायला उठला. सुरुवात चांगली केली त्यानं, तुझ्या शिकवण्याबद्दल बोलला. मग त्याचा आवाज चढला. म्हणाला, अक्काला आजारानं नेलं नाही, त्या इंजेक्शनांनी नेलं. आता नवं संशोधन आलं आहे, या औषधांनी माणूस लवकर जातो, कंपन्या ते दाबून ठेवतात, आणि झाडपाल्यावर राहिली असती तर आज ती आपल्यात असती. त्यानं खिशातून फोन काढला, वाचून दाखवायला. आणि अक्का, मला ते ऐकायला गोड वाटत होतं. दवाखान्याचं चुकलं, माझी पानं बरोबर होती. मी मान हलवत होतो, हे शेजारच्यानं माझ्या हाताला हात लावला तेव्हा मला कळलं.

तेवढ्यात मागच्या रांगेत भाऊसाहेब उभे राहिले. पांढरा शर्ट घालून आले होते, आपल्यात अशा वेळी पांढरं घालतात म्हणून.

"पाव्हनं, जरा थांबा. आदी इच्छा सांगा."

प्रकाशदादाला काही कळेना. कसली इच्छा, म्हणाला. मांडवात कुजबुज झाली. दुःखाच्या ठिकाणी हे काय काढलं, असं काहींना वाटलं असणार. भाऊसाहेब बसले नाहीत. म्हणाले, "ह्ये खरं असावं असं तुमाला वाटतंय का न्हाई, त्ये सांगा. आमच्या कोल्हारात आदी त्ये सांगावं लागतं. मंग वाचायचं."

आमच्या कोल्हारात, असं म्हणाले ते. अक्कांचा नियम म्हणाले नाहीत.

प्रकाशदादा फोन हातात धरून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. मग तो हळू आवाजात म्हणाला, "वाटतं. कुणाचं तरी चुकलं म्हटलं की जरा बरं वाटतं."

भाऊसाहेब म्हणाले, "बरं. आता वाचा." आणि ते 'बरं' त्यांनी अगदी तुझ्यासारखं म्हटलं.

त्यानं वाचलं. बायकांच्या बाजूनं आवाज आला, कुनावर करून बगितलं? दुसऱ्या कुणीतरी विचारलं, कोन्त्या दुखन्यावर? प्रकाशदादानं पुन्हा वर जाऊन बघितलं, तर त्यात दुखण्याचं नाव नव्हतं आणि माणसांचाही पत्ता नव्हता. सगळ्यात खाली मात्र कुठल्याशा पानांची पावडर घरपोच मिळण्याचा नंबर होता. त्यानं फोन खिशात ठेवला. कुणी हसलं नाही. कुणीतरी त्याला पाणी दिलं आणि बसायला खुर्ची पुढं केली. शिकवणारं माणूस गेल्यावर लोक एवढ्या मायेनं प्रश्न विचारतात, असं मला कुणी सांगितलं असतं तर मीच आधी म्हटलं असतं, खोटं आहे.

मग मी उठलो. मला बोलायचं नव्हतं, घरच्या माणसानं आभार मानून संपवायचं, एवढंच ठरलं होतं. मी म्हटलं, माझी एक इच्छा सांगायची राहिली आहे. अक्कानं विचारली होती, मी सांगितली नव्हती. माझी इच्छा होती की पेरूची पानं खरी निघावीत. औषधाचं शिकलो, दुकान चालवतो, काचेच्या भांड्यातलं आणि माणसातलं मला कळतं. तरी खरी निघावीत असं वाटत होतं, कारण मला माझी बहीण हवी होती.  भाऊसाहेब मागं उभेच होते. ते म्हणाले, "बरं." माझ्याकडे वाचायला काही नव्हतं, म्हणून मी खाली बसलो.

वाद आपला तसाच आहे. मला अजून वाटतं की काही वेळा माणसाला सरळ 'नको' म्हणून सांगावं, आणि गुळाच्या वेळी तू चुकलीस. उद्या कुणी भलतंच काही मागायला आलं तर मी ओरडणार आहे, आधीच सांगून ठेवतो. पण तू विचारलं होतंस ना, मी नसताना ते कुणाला विचारतील, त्याचं उत्तर मला त्या मांडवात मिळालं. ते एकमेकांना विचारतात.

आत्ता हे लिहितो आहे तर बाहेर स्टँडवरून एक जण आला आहे, फोन पुढं करून. भाऊसाहेब सरकून मध्ये बसले आहेत, आणि त्याला डाव्या बाजूला जागा दिली आहे. उजवं टोक मोकळं आहे. कोल्हार तुझ्यामागंही असंच विचारत राहील, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो आहे. ते खरं निघावं अशी माझी फार इच्छा आहे, अक्का. इच्छा आधी सांगितली. आता बघत बसतो.